बडोद्याहून कोइमतूरला, सासऱ्यांच्या सोबतीनं

नवऱ्याला कोइमतूरला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी लागली आणि दिवाळी झाल्याबरोबर तो तिकडे रुजू झाला. गोरव्यातल्या कारखान्यात वीस वर्षं काढल्यावर, पन्नाशीत, बडोदं सोडावं लागेल असं आम्हा दोघांच्याही मनात कधी आलं नव्हतं. मुलगी होस्टेलवर. मागे राहिलो मी आणि माझे सासरे, म्हणजे बाबा. आम्ही घर आवरायचं, कारेलीबागेतला फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि जानेवारीत नवऱ्यानं येऊन आम्हाला गाडीनं घेऊन जायचं, असं ठरलं होतं.

सामानाचा ट्रक निघून गेला. शेजाऱ्यांकडची निरोपाची जेवणं झाली. आणि निघायच्या आदल्या सकाळी नवऱ्याचा फोन आला की रजा मिळत नाही.

"गाडी तिथेच राहू दे, मग बघू. तुम्ही दोघं ट्रेननं या," तो म्हणाला.

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. सगळी नोकरी त्यांनी रेल्वेत गार्ड म्हणून केलेली. ट्रेन म्हटल्यावर ते खूश होतील असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "ट्रेन कशाला? गाडी आहे, चालवायला तू आहेस."

मी गाडी चालवायचे ती घर ते माझे शिकवणीचे वर्ग, फार तर अलकापुरीपर्यंत. हायवेवर एकदाच गेले होते, आणंदला, तेही नवरा शेजारी बसलेला असताना. बाबांना तर गाडी चालवताच येत नाही.

"अहो बाबा, दीड हजाराच्या वर किलोमीटर आहे ते."

"मग एका दिवसात कुठं जायचंय आपल्याला? मालगाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मी जन्मभर मागे पडलेलं तेवढं बघितलं. एकदा पुढच्या काचेतून बघू दे की."

नवऱ्याला कळवलं तर तो आधी "वेडे झालात का दोघं?" म्हणाला, आणि मग तासाभरानं त्यानं कुठे थांबायचं, चाकांत हवा किती ठेवायची, याची लांबलचक यादी पाठवली.

दुसऱ्या दिवशी सोसायटीतल्या सगळ्या बायका गेटपाशी "आवजो, आवजो" करत उभ्या राहिल्या. सुरतेपर्यंत मी एकाही ट्रकला ओलांडलं नाही. बाबा मात्र मांडीवर वही घेऊन मजेत बसले होते. निघाल्याची वेळ, थांबल्याची वेळ, सगळं लिहून घेत होते.

व्यारा मागे टाकलं आणि सोनगढच्या अलीकडे मागचं चाक बसलं. स्टेपनी डिकीच्या तळाशी आणि तिच्यावर ट्रकमध्ये न मावलेला आमचा अर्धा संसार. रस्त्याच्या कडेला चादर अंथरून मी एकेक वस्तू काढून ठेवली. मिक्सर, कुकर, देवांचा डबा, दोन गोधड्या, लोणच्याच्या चार बरण्या, कढीपत्त्याची कुंडी. चाक कसं बदलायचं ते मी मोबाइलवर बघत होते तेवढ्यात एक जोडपं स्कूटर थांबवून जवळ आलं. बाईनं चादरीवर नजर फिरवली, एक बरणी उचलून उजेडात धरली आणि किंमत विचारली, "आ केटलानी?"

बाबांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं, "वेचवानी नथी, बेन. अमे घर बदलीए छीए."

विकायचं नाही, घर बदलतोय, हे ऐकून ती बाई इतकी लाजली की तिनं नवऱ्यालाच कामाला लावलं. त्या भल्या माणसानं दहा मिनिटांत चाक बदलून दिलं. जाताना ती बरणी आम्ही तिच्या हातात ठेवली. ती नको नको म्हणाली, पण पिशवी आधीच उघडून उभी होती.

पहिली रात्र धुळ्याला काढली. दुसरा दिवस मात्र जड गेला. कन्नडच्या घाटात प्रत्येक वळणावर बाबा पाय ताणून नसलेला ब्रेक दाबायचे. "हळू. हॉर्न दे. ट्रक येतोय बघ." घाट संपला तरी सूचना संपेनात. बीडपाशी ते एकदम म्हणाले, "डावीकडे घे, डावीकडे!" मी दचकून गाडी डावीकडे घातली आणि आम्ही थेट बाजारात जाऊन अडकलो. हातगाड्या, रिक्षा, मधेच बसलेली एक म्हैस. तासभर मी पुढे-मागे करत होते, आणि बाबा काच खाली करून लोकांना रस्ता विचारत होते. प्रत्येकजण वेगळं सांगत होता.

शेवटी मी ओरडले. "बाबा, जरा गप्प बसाल का!"

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, या आवाजात मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. त्यांनी काच वर केली आणि वही मिटली. सोलापूरच्या लॉजवर पोचेपर्यंत एक शब्द नाही. दोन घास वरणभात खाऊन ते झोपायला गेले.

सकाळी मी माफी मागायचं ठरवूनच त्यांच्या खोलीचं दार वाजवलं. ते तयार होऊन, बॅग हातात घेऊन उभे. नाश्त्याला काय घेता विचारलं तर मान हलवली. चहात बुडवून एक बिस्कीट खाल्लं, तेही दुसरीकडे तोंड करून. गाडीत बसल्यावर चेहरा खिडकीकडे. मी हवेबद्दल बोलले, उसाबद्दल बोलले. फक्त "हूं."

भीमा ओलांडली. पाट्या कानडीत झाल्या. एका झाडाखाली गाडी थांबवली आणि मी बोलायला लागले. चुकलं माझं, म्हटलं. घाबरले होते मी. तुम्ही म्हणालात म्हणून तर मी एवढी गाडी चालवायला धजावले, नाहीतर मला कोण म्हणालं असतं. आई, म्हणजे सासूबाई, गेल्यापासून घरात आपण दोघंच दुपारभर असतो आणि तरी नीट बोलत नाही, हेही म्हटलं. ते का म्हटलं मला अजून कळत नाही. बोलता बोलता मी रडायलाच लागले.

बाबा माझ्याकडे वळले. तोंडावर हात धरलेला. बोटांच्या फटीतून शब्द फुसफुसत बाहेर आले.

"अगं, मी रागावलो नाही. कवळी राहिली. लॉजवर."

त्यांनी हात काढला. गाल आत गेलेले, डोळे ओशाळलेले. आधी मी हसले की ते, आठवत नाही. पण ते बोळकं हसू बघून मला इतकं हसू आलं की पोट दुखायला लागलं.

"मग सकाळीच सांगायचं नाही का!"

"सकाळी सापडेना, वाटलं बॅगेत गेली असेल. खूप पुढे आल्यावर लक्षात आलं, तिथेच राहिली. म्हटलं, तू आधीच वैतागलेली. तिकडे जाऊन नवी करू."

बिलावरच्या नंबरवर फोन लावला. तिथल्या साफसफाई करणाऱ्या मावशींनाच फोन दिला गेला.

"आजोबांचे दात व्हय? ठेवलेत की झाकून," त्या म्हणाल्या. "पेल्यात होते. पाणी फेकणारच होते मी, तेवढ्यात दिसले."

मी गाडी वळवली. बाबा "नको गं, राहू दे" म्हणत होते, पण त्यात दम नव्हता. परतीच्या वाटेवर मी तीन ट्रक एकामागोमाग ओलांडले, आणि ते माझं मलाच नंतर जाणवलं.

मावशींनी कवळी धुऊन बशीत ठेवली होती, वर दुसरी बशी उपडी. बाबा आत जाऊन ती बसवून आले आणि ताठ मानेनं म्हणाले, "आता भूक लागली." मावशींचा डबा उघडाच होता. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे केली. बाबांनी भाकरीचा तुकडा कडाकडा फोडून खाल्ला, आणि आम्ही दोघी बघत बसलो.

दिवस तर गेलाच होता, म्हणून विजापूरला मुक्काम केला. त्यानंतर कुणालाच घाई राहिली नाही. होस्पेटला पुन्हा रस्ता चुकलो आणि तुंगभद्रेच्या धरणापाशी निघालो. चुकलो तर चुकलो, म्हणून पेरू विकत घेतले आणि तासभर पाण्याकडे बघत बसलो. बाबांनी मला मालगाडीच्या ड्यूटीवरचे त्यांचे स्वयंपाक सांगितले, आणि आई पहिल्यांदा बडोद्याला आली तेव्हा गुजराती येत नाही म्हणून आठवडाभर घराबाहेरच पडली नव्हती, तेही.

सहाव्या दिवशी दुपारी चार वाजता कोइमतूर. नवरा फाटकातच उभा. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, मग आमच्याकडे नीट बघितलं. "ठीक आहात ना?"

"आम्ही ठीक. ट्रक कुठाय?" मी विचारलं.

ट्रक हुबळीजवळ बिघडून पडला होता. घरात एक खाट आणि गॅसची शेगडी एवढंच. बाबांनी जमिनीवर गोधडी पसरली, पाय लांब केले आणि बाजार, म्हैस, ओरडणं, कवळी, सगळं मुलाला रंगवून सांगितलं. काहीही लपवलं नाही.

संध्याकाळी आम्ही तिघं झाडू आणि दूध आणायला बाहेर पडलो. लांबवर निळे डोंगर दिसत होते. कोपऱ्यावरच्या दुकानात नवऱ्यानं, नुकतंच शिकल्याच्या ऐटीत, "पाल, पाल" असं सांगितलं.

बाबा माझ्या कानाशी आले. "हा पाल कशाला मागतोय?"

"इथे दुधाला पाल म्हणतात, बाबा."

त्यांनी थोडा विचार केला. मग दुकानदाराकडे बघून दोन बोटं वर केली आणि नीट उच्चार करत म्हणाले, "दोन पाल."

दुकानदार हसला आणि त्यानं दोन पिशव्या पुढे ठेवल्या.