प्रॉबेबिलिटीच्या अकरा जागा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण — कारण रविवारपासून घास गिळवत नाहीये, दुसरं काही नाही.

वैशाली आणि मी नवी मुंबईतल्याच एका कॉलेजात उपयोजित गणित आणि संख्याशास्त्राला होतो. ती पावणे गावातून यायची, मी ऐरोलीहून. गणित तिला यायचं. मला गणिताचं वेळापत्रक यायचं. चौकटींच्या वहीत मी तिन्ही वर्षांचे विषय मांडले होते — कुठल्या सेमिस्टरला काय घ्यायचं, कशाशिवाय पुढचं काय मिळत नाही, सगळं बाण काढून. वर्गातल्या मुली ती वही मागायला यायच्या आणि मी उगाच भाव खायचे. पण सर फळ्यापाशी बोलवायचे ते वैशालीलाच.

तिला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचं होतं. मलाही. त्यासाठी दुसऱ्या वर्षाला प्रॉबेबिलिटीचा वरचा पेपर घेतलेला असावाच लागायचा. विषय निवडायचे फॉर्म ऑनलाइन उघडले, तेव्हा ती नेमकी साताऱ्याकडे, गावच्या जत्रेला गेलेली. फोनवर म्हणाली, "इथं नेटवर्कच नाय गं. माझा पासवर्ड घे, तूच भर. तू घेशील तेच टाक."

मी आधी माझा फॉर्म भरला. मग तिचा उघडला. आणि — कसं सांगू? प्रॉबेबिलिटीपुढे अकरा जागा शिल्लक दिसत होत्या. अकरा. मी खालच्या ऑपरेशन्स रिसर्चवर क्लिक केलं आणि तिला कळवलं, फुल्ल झालं, माझ्यानंतर एकही जागा उरली नाही.

जळत होते मी तिच्यावर. एवढंच होतं ते.

विषय बदलायला सात दिवस मिळायचे. चौथ्या दिवशी ती परत आली, शेजारी बसली, गावचे पेढे दिले. तिने मोबाईल काढला की मी वाकून तिची स्क्रीन बघायचे — आता बघेल, आता कळेल. तिने बघितलंच नाही. का बघेल? मी सांगितलं होतं ना. सातव्या दिवशी मात्र तिने विचारलं, "कुणी सोडला असेल का गं पेपर? बघू का परत एकदा?" मी म्हटलं, "सकाळीच बघितलं. नाहीये." पहिल्या दिवशी क्षणभर बुद्धी फिरली असं एक वेळ म्हणता आलं असतं. त्या दिवशी काय म्हणणार?

तिला एम.एस्सी.ला अर्जच करता आला नाही. मला प्रवेश मिळाला. मी ऐरोलीतच एका कंपनीत डेटाचं काम करते. ती द्रोणागिरीला एका गोदामात कंटेनरच्या गाड्यांच्या वेळा लावते. भेटली की सगळ्यांना सांगते, ही होती म्हणून माझा फॉर्म तरी गेला, नाहीतर वर्षच वाया जायचं. मी हसते. आणि दुसरंच काही बोलायला लागते.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला. तिच्या धाकट्या बहिणीने तोच कोर्स घेतलाय, तिचं तीन वर्षांचं प्लॅनिंग तूच करून दे म्हणाली. नाही कसं म्हणणार होते? रविवारी दोघी घरी आल्या. मी सगळं नीट मांडून दिलं — एकही विषय चुकू दिला नाही, दोनदा तपासलं. समोरचा चहा तसाच गार झाला. वैशालीने विचारलं, बरं नाय का तुला?

मग तिने कागद बहिणीपुढे सरकवला आणि प्रॉबेबिलिटीच्या चौकटीवर बोट ठेवलं. "हा पेपर पहिल्याच दिवशी टाक हां. माझ्या टायमाला फुल्ल झालेला. विचार हिला."

बहिणीने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.