वदीदाचे हात

वदीदाचं कणीक मळणं गावाने बंद केलं, ते एक शब्दही न बोलता. कुणी तोंडावर बोललं असतं तर ती भांडली असती, आणि भांडणात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण बायका नुसत्या बोलवायच्या थांबल्या.

किना शहराच्या अलीकडे, नाईलच्या काठावरचं ते गाव. तिथली शम्सी भाकरी जाड, खमिराची. गोळे मातीच्या थाळ्यांवर मांडून उन्हात फुगू द्यायचे आणि मग भट्टीत सरकवायचे. घरच्यापुरती ती सगळ्याच बायका करतात. पण लग्न असो की मयत, पोत्याने पीठ मळायचं झालं की वदीदाला बोलावणं यायचं. फौजी, तिचा नवरा, वारल्यापासून तिचं घर त्या दोन हातांवर चाललं होतं.

पहिली चामखीळ अंगठ्याच्या मुळाशी उठली. वदीदाने ती ब्लेडने कापली, रक्त फडक्याला पुसलं आणि कामाला लागली. तिला वाटलं, झालं काम. पण कापली तशी ती पसरली. मग अंजिराचा चीक लावून झाला, लसूण ठेचून बांधून झाला. बघता बघता तळवे भरले, नखांच्या कडा भरल्या. एका लग्नघरी शेजारच्या रस्मियाने तिच्यापुढची परात ओढून घेतली.

"राहू दे आज, वदीदा. दमली असशील."

"दमले? अजून पीठ चाळलं नाही मी."

"तरी राहू दे." रस्मिया तिच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघत होती.

वदीदा उठली आणि घरी आली. घरी तिची सासू होती, हज्जा तफीदा. तिचं काळीज थकलं होतं, पायांवर सूज होती, जीभ मात्र ठणठणीत.

"आलीस हाकलून घेऊन? बरं झालं. आता तरी शहरात जाऊन दाखव ते हात."

"जाईन."

"जाईन नाही, जा. माझ्या रहमतीची भाकरी तुझ्याच हातची पाहिजे मला. रस्मियाची दगडासारखी भाकरी वाटलीत तर दुआ राहिली बाजूला, लोक दात मोडल्याच्या शिव्या देतील मला."

मयताच्या नावाने कबरस्तानात भाकरी वाटायची, घेणाऱ्याने मयतासाठी दुआ मागायची, ती रहमत. म्हातारीला दागिना नको होता, संगमरवर नको होता. एवढंच हवं होतं.

"असल्या हातांची भाकरी घेईल कोण, अम्मा?"

"मग बरे कर. मी थांबते थोडी. पण फार नाही हं."

किन्याच्या दवाखान्यात डॉक्टर इरिनी होत्या. गळ्यात बारीक क्रूस, बोलणं मऊ. भिंग लावून त्यांनी एकेक बोट पाहिलं.

"ह्या हट्टी आहेत. एका औषधाला दाद देणार नाहीत," त्या म्हणाल्या. "तिन्हीकडून घेरू. मी इथे गोठवीन. घरी तू रोज सकाळी मलम लावायचं आणि वर चिकटपट्टी, म्हणजे वरची निबर कातडी मऊ पडेल आणि गारवा खोल जाईल. आणि सगळ्यात मोठीत सुई देते. ती चामखीळ मारायला नाही, तुझ्या अंगाला जागं करायला, म्हणजे अंगच त्यांना हाकलेल. पट्टी दुसऱ्या सकाळपर्यंत काढायची नाही. आणि त्या जाईपर्यंत लोकांची कणीक मळायची नाही."

वदीदाने मान डोलावली. गोठवताना बोटांत अशी कळ गेली की तिने ओढणीचं टोक दातांत धरलं. सुई त्याहून वाईट होती. पण दवाखान्याचा एकही वार तिने चुकवला नाही. सोसण्यात ती कधीच कमी पडली नाही, आणि माझं म्हणणं, तिथेच तिचं चुकलं. सोसलं की आपलं काम झालं असं तिला वाटायचं.

कारण घरी पट्टी टिकत नव्हती. दुपारची बांग झाली की वदीदा हातपंपावर जायची आणि वजूसाठी, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्यासाठी, सगळ्या पट्ट्या सोलून काढायची. पाणी कातडीला लागलं नाही तर वजू कसला, आणि वजू नाही तर नमाज कसली? मलम धुऊन जायचं. नमाजेनंतर ती नव्या पट्ट्या लावायची, कोरड्याच, आणि पुढच्या बांगेला त्याही काढायची.

हे तिने कुणाला विचारलं नाही. इमामापुढे असले हात धरायची तिला लाज. डॉक्टरला सांगावं तर ती ख्रिस्ती. तिला वाटेल, ही माझ्या औषधाला धर्म आडवा घालतेय. तिचं मन का दुखवा? आणि डॉक्टरही तशाच. वर्षानुवर्षं ह्याच लोकांत राहून त्यांनी नमाजेचा विषय कधी काढला नाही, उगाच नाक खुपसल्यासारखं होईल म्हणून. दोघी एकमेकींचा मान राखत राहिल्या आणि चामखिळी सुखाने नांदल्या.

"माझंच काही चुकतंय का?" एकदा इरिनी स्वतःशीच म्हणाल्या. त्यांनी सुईतलं औषध बदललं. वदीदाने दुसरा हात पुढे केला.

थंडी पडली तसा म्हातारीचा श्वास आखडला. तिची खाट अंगणात उन्हाला आणून ठेवायचे. तिथून तिला हातपंप दिसला.

"काय सोलतेस गं?"

"पट्ट्या, अम्मा. वजू करायचाय."

"डॉक्टरणीने काढायला सांगितल्यात?"

वदीदाने पुढची पट्टी ओढली.

"फौजी खजुरावरून पडला तेव्हा त्याच्या हाताला प्लास्टर होतं. तू रोज ते फोडत होतीस?"

"नाही. ओला हात वरून फिरवायचे ते."

"पाणी कोण ओतायचं?"

"मी."

"मग?"

"ते मोडलेलं हाड होतं, अम्मा. हे काय, नुसते फोड."

म्हातारी खाटेवर कोपर टेकून उठली. "त्याचं दुखणं ते दुखणं, आणि तुझं काहीच नाही? कुणी शिकवलं गं तुला हे? मीच शिकवलं असणार."

त्या दिवसापासून पट्ट्या जागेवर राहिल्या. ओला हात वरून फिरायचा आणि नमाज व्हायची. डॉक्टरला तिने सगळं सांगितलं. इरिनींनी हातातलं भिंग खाली ठेवलं. "मी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा गोठवायला बसल्या. ह्या खेपेला कातडी पांढरी पडून मऊ झाली. एकेक चामखीळ काळवंडून गळू लागली.

पण म्हातारी थोडीच थांबणार होती, आणि तसं तिने सांगितलंही होतं. एका पहाटे वदीदा दूध घेऊन गेली तेव्हा ती गेलेली होती. वदीदाच्या डाव्या हातावर अजून दोन-तीन उरल्या होत्या.

मळू नये असं डॉक्टरने सांगितलेलं, आणि वदीदाने ते मोडलं नाही. रहमतीची कणीक रस्मियाने मळली, जीव तोडून मळली, हे कबूल करायला हवं. वदीदा बाजूला उभी राहून बघत होती. मधले सगळे महिने तिच्या डोळ्यांपुढून जात होते. एक प्रश्न विचारला असता तर परातीत तिचे हात असते. लोक रडत होते. तिला रडू आलं नाही.

उन्हं तापायला लागली तेव्हा इरिनींनी दोन्ही तळवे भिंगाखाली पालथे-उताणे करून पाहिले. "संपलं."

"नक्की?"

"नक्की. मळ आता."

वदीदाने घरातलं होतं नव्हतं ते सगळं पीठ काढलं. गुरुवारी डोक्यावर टोपली घेऊन ती कबरस्तानात गेली. फाटकाशी बसणाऱ्या एका आंधळ्या म्हातारीने हात पुढे केला.

"कुणाची रहमत गं?"

"हज्जा तफीदाची. माझी सासू."

"ती तर थंडीत गेली. वाटली होती की तेव्हा."

"ती दुसऱ्या हातची होती. तिला माझ्या हातची हवी होती. मला उशीर झाला, मावशी. चूक माझी."

म्हातारीने भाकरी घेतली आणि दुसऱ्या हाताने वदीदाचा तळवा धरला. बोटं फिरवून तो चाचपला, जसं आंधळी माणसं ओळख पटवायला चाचपतात. त्यात तिला वावगं काहीच लागलं नाही. कुणी तो हात असा धरून वर्ष उलटलं होतं. म्हातारी हज्जासाठी दुआ पुटपुटत राहिली, हात न सोडता, आणि वदीदा टोपली तशीच डोक्यावर घेऊन रडू लागली.