वावरातले चार टोळ

१. सकाळी विमान कंपनीचं उत्तर आलं. माझी टॅरँटुला, म्हणजे सहा वर्षं पाळलेली मोठ्या केसाळ कोळ्याची मादी, जर्मनीला नेता येणार नाही.
२. मी सध्या मारेगावला मामांकडे आहे; ते तिला सांभाळायला तयार झाले.
३. दुपारी मी कागदपत्रांसाठी बाहेर गेले, तेव्हा मामांनी तिच्या पेटीत चार टोळ सोडले.

"उपाशी होती बिचारी," मामा म्हणाले. "आपल्याच वावरातले हायेत, ताजे."

"कपाशीवर फवारणी कधी झाली?"

"परवा. काहून?" एवढं बोलून ते पेटीकडे धावले.

मी तीन टोळ बाहेर काढले. चौथा सापडला नाही. ती शांत बसून आहे, पण ती नेहमीच शांत बसते, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही. फवारणीच्या विषावर तिच्यासाठी उतारा मला कुठेही सापडला नाही.

मामांवर रागावता आलं नाही. आयुष्यभर अळ्यांवर फवारणारा माणूस तिला कीड समजायचं विसरला, म्हणून ते विष तिलाही मारेल हे त्याला सुचलं नाही.

ती वाचली तर तिला फवारणीचा पंप नसलेलं घर हवं आहे. यवतमाळ, आर्णी, पांढरकवड्यात कोणी तिला ठेवून घेईल का? रविवारी माझं विमान आहे. शनिवारी संध्याकाळपर्यंत उत्तर द्या. नकार असला तरी द्या.