घंटेबरोबर द्यायचा कागद

कुरडया घालताना कुणी मोजत नाही. पावसाळ्यात डबा उघडला की कळतं, अगंबाई, एवढ्या झाल्या! आमच्या घरातल्या विजेच्या किश्शांचं तसंच झालंय. दुपारी चाळीतल्या बायका निवडणं घेऊन बसल्या की कुणीतरी म्हणतंच, "ती पेटीची गंमत सांग ना." एक सांगायला जावं तर मागून चार येतात. परवा एकीनं सुचवलं, "लिहूनच काढ ना सगळं." लिहायचं म्हणाल तर मी आधीच नको तेवढं लिहिते. या सगळ्या गोष्टी त्या लिहिण्याच्याच आहेत.

आमच्या घरची स्वारी ठाकुरद्वाराजवळ एका पारशी शेटजींच्या दुकानात मिस्त्री आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून पुढे नुसतं 'इकडून' म्हणेन. दुकानात सगळा विलायती माल. विजेच्या घंटा, त्यांच्या बॅटऱ्या, आणि सांधेदुखीवर झिणझिण्या देणारी विजेची पेटी.

मागे एका गिऱ्हाइकाच्या घरी बॅटरीच्या, कातडी जाळणाऱ्या तेजाबाची बाटली खालच्या फळीवर राहिली. बाटलीवर चिठ्ठी होती, पण इंग्रजी. घरातल्या तीन वर्षांच्या पोरीनं त्यात दोन बोटं बुडवली. बोटं बरी झाली, कातडी मात्र चुरगळलेलीच राहिली. शेटजी स्वतः बघायला गेले होते. परत येऊन टोपी काढून बसले आणि म्हणाले, "आजपासून मराठी कागदाशिवाय एक पण चीज दुकानाच्या बाहेर नाय जायची!"

इकडचं अक्षर मोडी आणि धावतं. ते वाचायला पुन्हा इकडूनच लागतं! मी मुलींच्या शाळेत पाचवी इयत्ता झालेली, बालबोध वळणदार. काम घरी आलं.

तेव्हा आमची बाबी नुकती रांगू लागली होती. त्या पोरीची बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. मनाशी ठरवलं, माझ्या कागदातून एखादी गोष्ट राहून गेली म्हणून कुणाचं मूल दुखावलं, असं व्हायला नको.

पहिला कागद लिहिला. साध्या घंटेचा. सत्तावीस कलमं झाली.

इकडून तो उभ्याउभ्या वाचण्यात आला, मग बसून वाचण्यात आला. शेवटी आवाज आला, "अगं, ही घंटा आहे. तोफ नव्हे!"

＊

तेजाबाच्या बाटलीला काय लिहावं, याचा मी फार विचार केला. मोठ्या माणसाला सुचत नाही ते मुलाला सुचतं. म्हणून बॅटरीची एक नवी कोरी, रिकामी काचेची बरणी बाबीपुढे ठेवली आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसले. ती जे करील ते लिहायचं आणि पुढे 'नये' जोडायचं!

बाबीनं बरणी चाटली. लिहिलं, चाटू नये. डोक्यावर पालथी घातली. लिहिलं, डोक्यावर घालू नये. मग तिनं बरणीत पायाचा अंगठा घातला, आणि तो अडकला.

सासूबाई धावत आल्या. तेल लावून अंगठा सोडवला आणि मला म्हणाल्या, "शिकलेल्या आया अशाच असतात का गं सगळ्या?"

कागद दुकानात गेला. शेटजींनी वाचला आणि चष्मा वर केला. "मिस्त्री, ह्ये 'पायाचा अंगठा बुडवू नये' म्हंजे काय? कोन बुडवेल?"

"आमची बाबी."

शेटजींनी थोडा विचार केला. "राहू दे," म्हणाले.

＊

पण कागद वाचणार कोण? निम्म्या घरांत वाचता येणारं माणूस दिवसभर कचेरीत. शेटजींना विलायती युक्ती सुचली. धोका असेल तिथे लाल रंग द्यायचा. लाल म्हणजे हात लावू नका, आगगाडीसुद्धा थांबते!

विजेच्या पेटीवर पितळेच्या दोन घुंड्या असतात. दोन्हींना एकदम बोट लागलं की झिणझिण्या येतात. जिवाला धोका नाही, पण माणूस दचकतं. त्या दोन्ही घुंड्या मिस्त्रींनी छान शेंदरी लाल रंगवल्या आणि पेटी फणसवाडीतल्या एका काकूंकडे गेली. त्यांचे गुडघे धरले होते.

आठ दिवसांनी चौकशीला इकडून जाणं झालं. दाराबाहेर चपलांची रांग! आत पेटी पाटावर, दोन्ही घुंड्यांवर जास्वंद वाहिलेली. शेजारणी एकेक पुढे येत होत्या, दोन्ही हातांनी घुंड्यांना शिवून नमस्कार करत होत्या आणि शहारून मागे सरत होत्या.

काकू बाजूला बसून सांगत होत्या, "जागृत आहे हो, फार जागृत!"

"काकू, तो रंग हात लावू नये म्हणून दिलाय."

"शेंदूर फासायचा आणि हात लावू नये म्हणायचं? हे कुठलं शास्त्र!"

"आणि गुडघे?"

"गुडघ्यांना कोण लावतंय आता ती? ओवळं होईल!"

＊

इकडून हे घरी सांगितलं, तेव्हा मी हसायचं सोडून रडकुंडीला आले. सासूबाई वाती वळत होत्या. म्हणाल्या, "एवढं काय त्यात? ज्याला कुणी शिवू नये, त्याला आपल्यात काय म्हणतात? सोवळं! ही तुझी बाबी, अजून बोलता येत नाही, पण माझ्या दांडीवरच्या सोवळ्याला लांबून वळसा घालते. लिही, बॅटरी सोवळ्यात ठेवावी."

मला ते इतकं पटलं की बाकीची सगळी कलमं खोडून मी तेवढंच लिहायला निघाले होते. भीती वाटली म्हणून मग सगळीच ठेवली.

गिरगावात हे कलम फार उत्तम चाललं. एकाही मुलानं बॅटरीला हात लावला नाही. मोठ्यांनीही नाही! चार महिन्यांनी एका वाडीतून निरोप आला, घंटा बंद. बॅटरीतलं पाणी आटून गेलेलं. कुणी घालणार कसं?

मिस्त्री गेले. दारात त्या घरच्या आजी. "आधी आंघोळ करा."

विहिरीवर आंघोळ झाली. "आता ओलेत्यानंच या आत."

इकडची स्वारी ओला पंचा नेसून, निथळत, बॅटरीपुढे उभी राहिली आणि मिस्त्रीपणाला जागून माझा कागद मोठ्यानं वाचू लागली, "कलम चौथे. ओल्या हातांनी बॅटरीस शिवू नये."

आजी म्हणाल्या, "आणि कोरड्या हातांनी मी शिवू देणार नाही!"

दोन्ही पक्ष शास्त्राला धरून! तासाभरानं आजींच्या यजमानांचा रेशमी कद संदुकीतून निघाला. सोवळा आणि कोरडाही. त्या दिवशी साऱ्या मुंबईत रेशमी कद नेसून तारा जोडणारा मिस्त्री एकच असेल.

＊

एकदा वाटलं, वाचता न येणाऱ्या माणसाला आपला कागद कळतो तरी का, ते बघावं. दाराशी आमची नेहमीची कोळीण, जानकी, पाटी उतरवून बसली होती. तिला म्हटलं, "जानके, जरा ऐक." आणि घंटेची सत्तावीस कलमं वाचून दाखवली.

ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तिनं विचारलं, "बाय, ही काय बला हाय?"

"घंटा गं. दाबली की वाजते."

"वाजते? ते खय लिवलंय?"

मी कागद वरून खाली बघितला. खालून वर बघितला. कुठेच नव्हतं!

＊

आता शेवटची गोष्ट. ही मी बायकांत सांगत नाही.

लालबागच्या चाळीत गोविंद नावाचा कोकणातला माणूस राहतो, लोअर परळच्या एका गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. त्याची बायको भागू. गेल्या वर्षी तिचं पहिलं बाळंतपण अडलं. दिवस कामाचा, चाळ रिकामी, आणि काशीबाई सुईण पलीकडच्या चाळीत. तिला कळेपर्यंत उशीर झाला. मूल गेलं.

या खेपेला दिवस भरत आले तसा गोविंद दुकानात आला. गिरणीच्या साहेबाच्या खोलीत त्यानं विजेची घंटा बघितली होती. म्हणाला, "भागूच्या खाटेपासून काशीबायच्या घरापर्यंत तार जायत काय?"

इकडून स्वतः दोन चाळींमधून तार नेऊन दिली. बटण भागूच्या उशाशी, घंटा काशीबाईच्या दाराशी. आणि कागद माझा. या खेपेला मी फार जपून लिहिला. अकरावं कलम होतं, 'विनाकारण बटण दाबू नये. दाबल्यास बॅटरीचा जोर उतरतो, व ऐन वेळी घंटा वाजत नाही.' खोटं काहीच नव्हतं त्यात.

गोविंद रोज पहाटे कामावर जाण्यापूर्वी भागूला तो कागद वाचून दाखवायचा.

पंधरा दिवसांनी तो साखर घेऊन दुकानात आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या. अभिमानानं सांगत होता, "वयनींचो कागद अगदी पाळलो हां! सकाळपासून दुखत होता, तरी भागून बटणाक बोट लावला नाय. विस्तव मागूक शेजारीण इली दुपारी, तिनाच बघल्यान आणि दाबल्यान."

इकडून हे मला हसत हसत सांगायला सुरुवात झाली होती. माझ्याकडे बघून अर्ध्यात थांबणं झालं.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. ती शेजारीण आली नसती तर? तिच्या घरचा विस्तव विझला नसता तर? कागदातून काही राहू नये म्हणून मी जपले, आणि कागदात जे होतं त्यानंच ती पोर बटणाला बोट न लावता दुपारपर्यंत कळा सोसत पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी बाबीला कडेवर घेतलं आणि घोडागाडी करून दोघं लालबागला गेलो. काय बोलायचं ते वाटेत दहादा जुळवलं होतं. मी तोंड उघडण्याआधी भागूच उठून बसली.

"वयनी, रागावू नकात. माका कळूक नाय. किती दुखला म्हणजे कारण, ता कागदात लिवलेला नव्हता."

मी खाली बसले, दौत मागितली, भिंतीवरचा कागद काढून त्याच्याच पाठीवर लिहिलं. एकच कलम. 'वाटेल तेव्हा बटण दाबावे. कारण नसले तरी दाबावे.'

भागूला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा." परत वाचलं.

दारातून इकडचा हळूच आवाज आला, "बॅटरी उतरेल."

लग्नाला पाच वर्षं झाली, चार माणसांत मी कधी उलट बोलले नव्हते. म्हणाले, "उतरली तर आपण येऊन भरावी."

तेव्हापासून दर रविवारी इकडची स्वारी बॅटरीत घालायच्या नवसागराची पुडी घेऊन लालबागला जाते.

तिसऱ्या रविवारी मीही गेले. भागूच्या मुलीसाठी कुंची शिवली होती. इकडून गोविंदाला घेऊन तारा तपासायला गच्चीवर जाणं झालं, म्हणून मी आधी काशीबाईकडे टेकले. ती भाकरी थापत होती. बाबी तिच्या पिठात हात घालत होती, आणि मी नको नको म्हणत होते.

एवढ्यात घंटा वाजली.

काशीबाई पिठाच्या हातांनी उठली. लुगड्याचा काष्टा सावरत जिना उतरली, अंगण ओलांडलं, समोरचा जिना चढली. तिच्यामागे बाबीला घेऊन मी. माझ्यामागे दोन्ही चाळींतल्या जेवढ्या बायका घरी होत्या तेवढ्या.

दार ढकललं. भागू खाटेवर बसलेली. पोर कुशीत झोपलेली, गाल गुलाबी, श्वास संथ. सगळं जिथल्या तिथं.

काशीबाई धापा टाकत ओरडली, "काय झाला गो?"

भागूनं आमच्याकडे बघितलं. मग बटणावरचं बोट काढून पदराआड घेतलं.

"काय नाय," ती म्हणाली. "कोण येता काय ता बघी होतंय."

काशीबाईनं पिठाचे हात लुगड्याला पुसले आणि खाटेच्या कडेला बसली.

"इलंय गो बाय," ती म्हणाली.