सुयांच्या बाई

सुयांच्या बाई कुत्र्यांना अहो म्हणत आणि त्यांच्या मालकांना अरे. नागावला त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचा कुत्रा बंड्या माझ्या कडेवर होता. "या, बसा," बाई म्हणाल्या. मी ऐटीत खुर्चीवर बसलो. "तुला नाही, यांना म्हटलं. तू ऊठ आणि यांना चटईवर ठेव."

बाई रीतसर शिकलेल्या, गुरांच्या डॉक्टर. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाल्यावर त्या कुत्र्यांना सुया टोचायच्या, मालिश करायच्या, पाण्यात चालवायच्या. बंड्याच्या मणक्याला मार बसून मागचे पाय लुळे पडले होते. अलिबागच्या डॉक्टरांनी औषधं दिली, पण तो उभा राहील असं काही ते म्हणेनात. त्याला कायमचं झोपवायचं का, हे आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारत नव्हतं. बाईंनी एक्स-रे उजेडात धरला. "जादू येत नाही मला. मेहनत येते, तीही तू करायची."

पहिली सुई पाठीत गेली आणि बंड्याने जांभई दिली. मी मात्र घामाघूम होऊन भिंतीला टेकलो. कोकम सरबत मलाच पाजावं लागलं. "तुम्ही झोपा हो," बाई बंड्याला म्हणाल्या, "ह्याला होतं असं."

मग समुद्र. ओहोटीच्या संथ पाण्यात बंड्याच्या पोटाखालून टॉवेल घालायचा, त्याला अर्धवट तोलायचं आणि चालवायचं. मी कंबरेत वाकलेला, चड्डी भिजलेली. मासळीची टोपली घेऊन निघालेली कोळीण रोज थांबायची. "ओ दादा, आंघोल कुत्र्याची हाय का तुमची?" तेही चाललं असतं. पण बंड्याने कुईं केलं की मी त्याला चटकन उचलायचो. घरीही तेच. पाणी प्यायचंय, उचल. शेजारची मांजर बघायचीय, उचल. बाई एकदा भडकल्याच. "यांचे अर्धे पाय मणक्याने नेले, उरलेले तू नेतोयस. वाळूत जाऊन उभा राहा. हात मागे!"

ते मला फार लागलं, खरं होतं म्हणून जास्तच. मी वाळूत हात मागे बांधून उभा राहिलो. बंड्या केविलवाणा ओरडला. मला बघवेना, मी सरळ पाठ फिरवली. पुन्हा वळलो तेव्हा टॉवेल बाईंच्या खांद्यावर होता आणि बंड्या झोकांड्या खात, चार पायांवर, पाण्याबाहेर आला होता. आता माझ्याकडे येणार म्हणून मी हात पसरले. तो मला वळसा घालून कोळणीच्या टोपलीकडे गेला. मी तिथेच, बोंबलांसमोर, हुंदके देऊन रडलो.

नंतरही मी काही ना काही निमित्त काढून बाईंकडे जात राहिलो. शेवटी त्यांनीच फाटकात अडवलं. "आता येऊ नकोस. गरज तुला आहे, यांना नाही. आणि माणसांचे उपचार मला येत नाहीत." मी रागावलो. खरंच गेलो नाही, केवढा शहाणा मी!

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्याचं कळलं. बंड्याला घेऊन निघालो. मागचा एक पाय थोडा ओढत, पण अख्खा रस्ता तो आपल्या पायांनी चालला. फाटकातून आत गेला, ओटीच्या पायऱ्या एकेक करत चढला आणि चटईची जागा हुंगून तिथे बसला. मला त्या पायऱ्या चढवेनात.