भट्टीला पाडलेलं भोक

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. आत्ता तुम्हाला सांगतोय, तरी माझे कान दाराकडेच — कुणी ऐकत तर नाही ना?

लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, तेव्हाची गोष्ट. धसईजवळच्या आमच्या गावात कल्याणचा एक व्यापारी कोळशाचा कारखाना काढायला आला. आम्ही पंच हुरळलो. गावचा कर, म्हणजे पट्टी, माफ करतो म्हणालो — त्यात मीच पुढे. तो हसला. "पट्टी काय, कुठलंही गाव माफ करील. मला भट्टी लावणारे हात दाखवा."

हात होते. गावाबाहेरच्या वाडीतला सोम्या आणि त्याची माणसं. लाकडं रचायची, वर पाला-माती थापायची आणि आत नुसतं धुमसत ठेवायचं. वारा शिरला की सगळ्याची राख. व्यापाऱ्याने सोम्याला एक भट्टी लावून दाखवायला सांगितलं.

आणि मला धडकी भरली. ही माणसं कारखान्यात गेली, तर माझ्या भाताची लावणी कोण करणार? हा विचार आधी कसा आला नाही?

भट्टी पेटली, त्या दुपारी वाडी जेवायला बसली होती. मी पहार घेऊन गेलो. भट्टीच्या मागच्या अंगाला — हो, मीच — भोक पाडलं, त्यावर पाला ओढला. वळलो, तर सोम्याची बायको भीमी हंडा घेऊन उभी. मी पळालो.

भट्टी उघडली, तर राख. व्यापारी किन्हवलीकडे गेला. तिथे पुरी पट्टी भरून त्याने कारखाना काढला.

पेटल्या भट्टीकडे बाईने फिरकायचं नाही, अशी वाडीची चाल. भीमीला तिकडून येताना कुणीतरी पाहिलं होतं. सोम्या तिला ओढत माझ्याच अंगणात घेऊन आला — मी पंच ना!

"हिनंच भट्टी बाटवली, पाटील. इचारा हिला."

"मी हात नाय लावला," भीमी माझ्याकडे बघत म्हणाली. "तुमाला ठाव हाय."

आता हिने नाव घेतलं तर? म्हणून मीच घाईघाईने बोललो, "चाल मोडलीय. वाडी ठरवील ते खरं."

वाडीने तिला हाकललं. तान्ह्या पोरीला काखेत घेऊन ती मुरबाडच्या वाटेने गेली. मी ओसरीवर उभा राहून बघत होतो. ती दिसेनाशी झाली, तेव्हा मला हायसं वाटलं.