व्यंकटनं घडवलेलं विमानाचं नाक

जनवाड्याच्या व्यंकटला कुणी अडाणी म्हटलं तर तो खुशाल ऐकून घेई. पण त्याच्या कामाला कुणी नावं ठेवली की त्याचं डोकं फिरे. आणि का फिरू नये? पंधरा वर्षं मन्नाएखेळ्ळीच्या बाजारात जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली ठोकून सरळ करणारा हा गडी १९७४ साली बिदरच्या विमानतळावर लागला, तो पत्रे उचलणारा मजूर म्हणून!

तिथलं एक जुनं विमान पुन्हा उडवायचं ठरलं होतं. इंजिनावरचं पुढचं गोल झाकण, म्हणजे त्याचं नाकच, फाटलेलं होतं आणि तसलं नवं कुठं मिळत नव्हतं. ते हातानं घडवायचं काम म्हाताऱ्या सिद्धलिंगप्पा मिस्त्रींवर आलं. त्यांचे हात आता थरथरत, म्हणून त्यांनी व्यंकटला जवळ घेतलं. झाकण पास झालं तर तो कारागीर होणार होता, नाही तर पत्रे उचलणं होतंच.

मिस्त्रींनी साबणाची रेघ ओढून पत्रा तापवायला शिकवलं. रेघ काळी पडली की आच बंद. मग वाळूच्या चामडी पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्यानं ठोकायचं.

"जोर कामून लावायलास? पोचा काढायचा न्हाई, पत्र्याला पोट आणायचंय," मिस्त्री ओरडत.

अकराव्या दिवशी झाकण चपखल बसलं. व्यंकट हरखून गेला. भांड्यांवर घालतात तसं त्यानं आतल्या बाजूला टिंबाटिंबांनी नाव घातलं: भागाबाई, जनवाडा. भागाबाई त्याची आई. गावच्या आडावर जिच्या घागरीला कधी जागा मिळाली नाही, तिचं नाव आभाळात जावं, एवढीच त्याची हौस.

तपासणाऱ्या साहेबांनी आतून बोट फिरवलं आणि झाकण बाजूला ठेवून दिलं.

"येड्या, इंजिन थरथरलं की ह्या टिंबांतूनच तडा जातंय," मिस्त्री म्हणाले. "एकच पत्रा उरलाय. करशील?"

व्यंकटच्या डोळ्यांत पाणी आलं. "करतो, अण्णा."

या खेपेला मिस्त्रींना एकदाही ओरडावं लागलं नाही. नऊ दिवसांत झाकण झालं, पहिल्याहून सरस. साहेबांनी आतून-बाहेरून बोट फिरवलं आणि सही केली.

विमान उडालं त्या दिवशी कामगारांच्या घरचे कुंपणापाशी जमले होते. भागाबाईनं कपाळावर हात आडवा धरला.

"कुठंय रं माझं नाव? टाकलो म्हणलास की."

व्यंकटनं मान खाली घातली. "नाव टाकलं की तडा जातंय, आई. न्हाई म्हणून तर उडायलंय."

म्हातारी विमान वळेपर्यंत बघत राहिली.

"राहू दे," ती म्हणाली. "घागरीवर नाव कामून घालतेत? दुसऱ्यानं नेऊ नये म्हणून. हे कोण नेतंय?"

आणि शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरून तिनं बोट वर केलं. "अक्का, ते नाक बघ. माझ्या लेकानं केलंय."